ओट्यावरची हवा

पोळ्या करताना पंखा बंद ठेवायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वाऱ्याने ज्योत फडफडते, तवा एका बाजूनेच तापतो, पोळी वातड होते. खिडकीतून झुळूक येत असेल तर तिचं एक दार लोटून घेतलं जातं. मिरचीची फोडणी द्यायची झाली की मधलं दार ओढून घ्यायचं, कारण ठसका बाहेर बसलेल्यांना लागतो. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलेल्या या सवयींमागे काटकसर आहे, घरच्यांची काळजी आहे. पण त्या एकत्र ठेवून पाहिल्या की दिसतं ते असं: दिवसाकाठी तीन-चार तास घरात आग पेटलेली असते आणि नेमकी त्याच वेळात त्या खोलीतली हवा कोंडलेली असते. घरच्यांना ठसका लागू नये म्हणून जी दार ओढून घेते, ती स्वतः दाराच्या आत असते.

गणपती गेले की परदेशी जाणाऱ्या फराळाची घाई सुरू होते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मुला-नातवंडांकडे डबे दिवाळीआधी पोचायचे तर चकल्या बऱ्याच आधी तळून व्हाव्या लागतात. याच दिवसांत डोंबिवलीतल्या एका बचत गटाच्या गाळ्यावर गेले होते. तळमजला, पुढे शटर, मागच्या भिंतीत उंचावर एक जाळी. जाळीशेजारी एक्झॉस्ट पंख्यासाठी गोल भोक ठेवलेलं, पण मागच्या गटारावरून डास येतात म्हणून ते पुठ्ठ्याने बुजवलेलं. रस्त्यावरची धूळ तयार मालावर बसू नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. एकोणीस किलोच्या सिलिंडरवर दोन भट्ट्या चालू होत्या, एकीवर चकली आणि दुसरीवर शेव. तळणाऱ्या ताईंनी पदर नाकावरून घेऊन कानामागे खोचला होता. त्रास होत नाही का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "धूर चुलीचा असतो. गॅसला कुठे धूर?" त्यांची आई चुलीपुढे बसून खोकायची, डोळे पुसत भाकऱ्या थापायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलं आहे. संध्याकाळी त्यांना स्वतःला ढास लागते. ती त्यांच्या मते तेलाची, थंड पाण्याची आणि वयाची.

गॅसला धूर नाही हे त्यांचं म्हणणं किती खरं आहे, ते आधी सांगायला हवं. या विषयावर लिहिताना गॅसची बदनामी करणं सोपं आहे आणि ते फार अन्यायाचं होईल.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ हे अमेरिकी संशोधक आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत गेले आणि त्यांनी हवा मोजणारी छोटी यंत्रं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लावली. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि शहरातली वाहनं. खेड्यातली हवा स्वच्छ, हे गृहीतच होतं. चुलीपुढच्या हवेत धुराचे कण निघाले ते घनमीटरला हजारो मायक्रोग्रॅम, कुठल्याही औद्योगिक शहरातल्या आकड्यांना मागे टाकतील इतके. स्मिथ २०२० मध्ये वारले. तोवरचं त्यांचं आयुष्य ही एक गोष्ट जगाला पटवून देण्यात गेलं. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. जगात सिगारेट ओढणारे साधारण शंभर कोटी आणि लाकूड-शेणीच्या धुरात राहणारे तीनशे कोटी, असा त्यांचा हिशेब होता. फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या आखडणारा हा रोग, आयुष्यात विडीला हात न लावलेल्या लाखो बायकांना स्वयंपाक करता करता झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसं गेली. त्यांतली २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती.

म्हणून चुलीच्या जागी गॅस आला ही सुटकाच होती. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिचं आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत दिलं गेलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ८० टक्के घरं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात असं दिसलं, देशात हेच प्रमाण ५८.६ टक्के होतं. पण ही पाहणी मुख्य इंधन कोणतं ते विचारते. घरात चूल पेटते का, हे तिच्या आकड्यात दिसत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या एका घरी ओट्यावर शेगडी होती, तिच्यावर विणलेलं झाकण होतं. चूल मागच्या पडवीत. चहा, मुलांचा शाळेचा डबा आणि पाहुणे आले तर गॅस. भाकरी, कडधान्य, आंघोळीचं पाणी चुलीवर. कारण विचारलं तर घरातल्या सुनेने चव वगैरे काही सांगितलं नाही. सरपण रानातून रोज थोडं थोडं येतं, त्याला पैसे पडत नाहीत. टाकीचे पैसे एकरकमी द्यावे लागतात आणि हातात रोजंदारी रोजची येते. २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकाने वर्षाला सरासरी चारहून किंचित कमी टाक्या घेतल्या. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर याच्या दुप्पट तरी लागतात. ही तफावत चूल भरून काढते. हमरस्त्यावर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या लावलेली हॉटेलं वाढत चालली आहेत, तिथे शहरातून गाड्या भरून माणसं जातात. जाणाऱ्यांनी एकदा मागे जाऊन चुलीपुढे दिवसभर कोण बसलेलं आहे ते बघावं आणि तिच्या खोकल्याची चौकशी करावी, असं मला फार वाटतं.

गॅसचा गुण किती, हे नीट तपासूनही झालं आहे. २०१८ पासून तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना शेगडी आणि फुकट गॅस दिला, निम्म्यांची चूल चालू राहिली. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक कण. चुलीवाल्या बायकांच्या श्वासात ते घनमीटरला ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅसवाल्यांच्या २४. एवढा फरक पडूनही बाळांचं जन्माचं वजन म्हणण्यासारखं वाढलं नाही आणि न्यूमोनियाही ठळक कमी झाला नाही. संशोधकांनी हे न लपवता छापलं. गॅस गरोदरपणात उशिरा मिळाला का, बाहेरची हवा नडली का, यावर वाद चालू आहे. पण यावरून गॅस निरुपयोगी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. डोळ्यांची आग थांबली, डोक्यावरचा मोळीचा भार उतरला, रोजचे तास वाचले, एवढंसुद्धा पुरेसं कारण आहे. पेरूमध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात घरांतला आणखी एक वायू मोजला गेला आणि बऱ्याच गॅसवाल्या स्वयंपाकघरांत तो सुरक्षित पातळीच्या वर निघाला. तो वायू म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. डोंबिवलीच्या ताईंना न दिसणारी गोष्ट ती हीच.

हा वायू टाकीतून येत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गॅसची निळी ज्योत दीड-पावणेदोन हजार अंशांच्याही वर जाते आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. ही क्रिया कशी घडते ते सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडलं. म्हणून शेगडी कितीही भारी कंपनीची असो, नवी असो, ज्योत कितीही निळीशार असो, हा वायू होणारच. एलपीजी असो की पाइपचा गॅस, त्यातही फरक पडत नाही. स्वयंपाकघरात तो असतो तेवढ्या प्रमाणात त्याला रंग दिसत नाही, वास येत नाही. पाण्यात तो चटकन विरघळत नाही, त्यामुळे नाकातल्या ओलाव्यात अडकत नाही. थेट खोल, बारीक श्वासनळ्यांपर्यंत जातो आणि तिथे दाह करतो. मिरचीचा ठसका बिचारा ओरडून सांगतो की मी आलो. हा काही सांगत नाही.

याचा मुलांवर परिणाम होतो, हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं गेलं १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सहा ते अकरा वर्षांच्या साडेपाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांत, ज्यांच्या घरी गॅसवर स्वयंपाक होई त्यांना खोकला, छातीत उतरणारी सर्दी आणि ब्राँकायटिस जास्त आढळला. तुलना विजेवर शिजवणाऱ्या घरांशी होती. त्यानंतर देशोदेशी असे अभ्यास झाले. २०१३ मध्ये असे ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा गॅसच्या घरातल्या मुलांना दम्याचा धोका ४२ टक्क्यांनी जास्त दिसला. याच आकड्याच्या आधारे २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका गटाने मांडलं की तिथल्या मुलांच्या दम्यातला १२.७ टक्के वाटा गॅसच्या शेगडीचा आहे. मग तिथे शेगडीवर बंदी येणार अशी हाकाटी झाली आणि आजाराचा प्रश्न पक्षांच्या भांडणात गेला. त्या भांडणाशी आपल्याला देणंघेणं नाही. पण दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. २०१३ मध्येच ४७ देशांतल्या पाच लाखांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गॅस आणि दमा यांचा संबंध दिसला नाही, उघड्या चुलीचा मात्र दिसला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २०२४ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्षही याच्या जवळचा आहे: लाकूड-कोळशाशी तुलना केली तर गॅस कितीतरी बरा, विजेशी तुलना केली तर श्वसनाच्या काही आजारांचा धोका थोडा जास्त.

हे सगळं वाचून माझं मत बनलं ते असं. जे मूल निरोगी आहे त्याला केवळ गॅसमुळे दमा होईल, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याला आधीच बाळदमा आहे, ज्या आजोबांना सीओपीडी आहे, त्यांचा त्रास कोंडलेल्या स्वयंपाकघरामुळे वाढतो, याबद्दल मला शंका नाही. आणि धोका शेगडीवर जेवढा ठरतो, त्याहून जास्त तो खोलीवर ठरतो.

याला सगळ्यात चांगला पुरावा २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने दिला. त्यांनी गॅसवाल्या घरांत खोली-खोलीत मोजमाप केलं. स्वयंपाकघरात तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड निजायच्या खोलीपर्यंत पोचतो आणि शेगडी बंद झाल्यावरही काही तास रेंगाळतो. अन्नातून तो जवळपास येतच नाही, येतो तो ज्योतीतून. आणि ८०० चौरस फुटांपेक्षा लहान घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला तो ३,००० चौरस फुटांच्या घरातल्यांपेक्षा चौपट येतो. अमेरिकेत ८०० चौरस फूट म्हणजे लहान घर. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचं क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. त्यात ओटा, पलंग, मोरी आणि पाच-सहा माणसं. आणि तिथे स्वयंपाक म्हणजे दोन वेळचं साग्रसंगीत, त्यात डबे वेगळे, चहा वेगळा, दूध तापवणं वेगळं. तिथल्या घरातली निजायची खोली आणि स्वयंपाकघर एकच आहे.

गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केला होता. तो अभ्यास क्षयरोगाचा होता, गॅसचा नव्हता. एकमेकींना खेटून, जेमतेम तीन मीटरवर उभ्या असलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि त्या घरांत क्षयाचं प्रमाण जास्त. ज्या घरातून क्षयाचे जंतू बाहेर जात नाहीत, त्या घरातून ज्योतीचा वायू तरी कुठून जाणार? जुन्या चाळीच्या खोलीला पुढे गॅलरी आणि मागे खिडकी होती, वारा आरपार जायचा. कोकणातल्या घरात चूल मागच्या बाजूला आणि वर कौलं, धूर कौलांच्या फटींतून निघायचा, वासे काळे व्हायचे. त्या घरांत चूल होती, धूर होता, आणि म्हणून बांधणाऱ्याला तो बाहेर काढायची सोय करावीच लागे. गॅस आला, भिंत काळी व्हायची थांबली आणि बांधणाऱ्याच्या मनातून ती सोयच निघून गेली. पुढे ओटा बाल्कनीत सरकला, बाल्कनीला काचा लागल्या, मधली भिंत पाडून 'ओपन किचन' झालं. शेगडी तीच, आग तीच. हवेच्या वाटा तेवढ्या बुजत गेल्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते. भारताची हवेची राष्ट्रीय मानकं २००९ ची आहेत आणि ती बाहेरच्या हवेची आहेत. नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी त्यांत ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पूर्वी तेवढीच होती, २०२१ मध्ये ती १० वर आणली गेली. घरातल्या ओट्यापाशी येऊन कुणी मोजत नाही.

आता तळणीकडे येते, कारण दिवाळी आहे. ज्योतीचा वायू एकीकडे आणि कढईतून उठणारी वाफ दुसरीकडे. तेल खूप तापलं की त्यातून अतिसूक्ष्म कण आणि तिखट वायू सुटतात. फोडणीचा ठसका म्हणजे तेच, त्यात मिरचीची झोंबणारी भर. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घरातला कोळशाचा धूर कर्करोग घडवणारा ठरवला. लाकडाचा धूर आणि फार तापलेल्या तेलातल्या तळणीचे वायू तिने एकाच वर्गात ठेवले: कर्करोगाला कारण होण्याची दाट शक्यता असलेल्या गोष्टींत. याचा अर्थ चकली खाऊ नये असा मुळीच नाही. घरी वर्षातून दोन-तीन दिवस तळण होतं, त्याची कुणी धास्ती घेऊ नये. पण जी बाई दोन महिने रोज आठ तास कढईपुढे उभी असते, वडापावच्या गाडीवर जो माणूस वर्षभर उभा असतो, पोळीभाजी केंद्रात ज्या मावशी दिवसाला शेकडो पोळ्या भाजतात, त्यांच्यासाठी ही कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची बाब आहे. कारखान्यात असा धूर असता तर कुणीतरी तपासायला आलं असतं. त्यांच्याकडे कुणी येत नाही.

डोंबिवलीच्या गाळ्यात आम्ही तो पुठ्ठा काढला. शटर वर केलं आणि तयार मालावर स्वच्छ पंचे टाकले. शटरकडून हवा आत येऊ लागली. एक्झॉस्ट पंख्याचा खर्च फार नाही, पण गाळा भाड्याचा आहे आणि मालकाला विचारावं लागेल, असं गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. मालकाने परवानगी दिली का, ते मला अजून कळलेलं नाही.

गॅस गीझरचं सांगितल्याशिवाय मात्र हा लेख पुरा होत नाही. इथे मुख्य धोका नायट्रोजन डायऑक्साइडचा नाही, त्याहून घातकी अशा कार्बन मोनॉक्साइडचा आहे. छोट्या न्हाणीघरात गीझर बसवलेला, थंडीचे दिवस म्हणून खिडकीची तावदानं लावलेली, दार बंद. बर्नर भराभर ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतला जीव जातो. दार उघडायला हवं हे कळेपर्यंत उघडायची ताकद उरत नाही. दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, नाशिककडून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, अनेकदा तरुण माणसांच्या. आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या लिखाणात तर 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच रूढ झालं, कारण न्हाणीघरात आकडी येऊन पडलेले रुग्ण वारंवार येऊ लागले. गॅस गीझर न्हाणीघरात बसवू नका. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि पाणी तेवढं नळीने आत आणा. घरमालकाने आत बसवलेला असेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडं टाकून हवा जाऊ द्या आणि मग आंघोळीला जा. हे वाचून एका जरी घरातला गीझर हलला तरी मला समाधान वाटेल.

शेगडीतूनही कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि त्याची खूण डोळ्यांना दिसते. ज्योत पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, म्हणजे बर्नरला हवा पुरत नाही. दूध उतू गेलं, वरणाचं पाणी सांडलं की बर्नरची भोकं बुजतात. ती ब्रशने घासून, सुईने मोकळी करून घ्यावीत आणि वर्षातून एकदा शेगडी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्यावी.

मुलांचे डॉक्टर घरघर घेऊन आलेल्या मुलाच्या आईला विचारतात, घरात कुणी सिगारेट ओढतं का? कुत्रं-मांजर आहे का? भिंतींना ओल आहे का? स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, हा प्रश्न मी तरी फारसा ऐकला नाही. तो विचारायला हवा. मूल आईभोवती असतं, ओट्यावर बसून अभ्यास करतं, ओट्याखाली खेळतं. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. मग 'पंप' सुरू होतो, आणि पंपाची सवय लागेल म्हणून घरचे तो मध्येच सोडतात. पंप सोडू नये. तो औषध थेट फुप्फुसात पोचवतो आणि पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी औषधात काम करतो. सोडायची आहे ती कोंडलेली हवा. त्याच घरात संध्याकाळी डासांची अगरबत्ती लावलेली असते. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं आढळलं. मच्छरदाणी हा जुना उपाय आजही सगळ्यात चांगला आहे.

चिमणी घ्यावी का, असं मला अनेकींनी विचारलं. घ्यावी, पण तिचा पाइप कुठे जातो ते बघून. बाजारात बिनपाइपाच्या चिमण्या मिळतात. कोळशाच्या जाळीतून हवा गाळून त्या परत त्याच खोलीत सोडतात. त्यांनी तेलकटपणा आणि वास कमी होतो, नायट्रोजन डायऑक्साइड जवळपास तसाच राहतो. पाइपाची चिमणी असूनही तो पाइप काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत सोडलेला मी पाहिला आहे. चिमणीचा जोर भिंतीकडच्या बर्नरवर चांगला लागतो, म्हणून पुढे-मागे बर्नर असतील तर तळण मागच्यावर करावं. शेगडी पेटवायच्या आधी पंखा लावावा, बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा. आणि एक्झॉस्टने हवा बाहेर फेकायची तर आत यायलाही वाट हवी, म्हणून दुसऱ्या खोलीची खिडकी किलकिली ठेवावी. ज्योत फडफडते म्हणून खिडकी लावून घेणाऱ्यांसाठी पत्र्याचा आडोसा मिळतो, तो शेगडीभोवती लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

दुसरा उपाय ज्योतीचे तास कमी करण्याचा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात काही घरांच्या गॅसच्या शेगड्या काढून विजेच्या दिल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला नायट्रोजन डायऑक्साइड तीन महिन्यांत ५१ टक्क्यांनी उतरला. आपल्याला सगळं विजेवर नेता येणार नाही. ज्वारीची भाकरी इंडक्शनवर फुगत नाही, भरताचं वांगं त्यावर भाजता येत नाही, आणि खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पण चहा, दूध, पिण्याचं पाणी उकळणं, कुकर ही कामं इंडक्शनवर गेली तर शेगडी निम्मा वेळ बंद राहील. ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे मी हे आग्रहाने सांगेन. फोडणीची वाफ मात्र इंडक्शनवरही तेवढीच, त्यामुळे पंखा लागणारच.

हे सगळं पुन्हा बाईनेच करायचं का, असा प्रश्न लिहिताना मनात येत राहिला. बर्नर तिने घासायचा, पंखा तिने आठवणीने लावायचा, मुलाच्या छातीचा दोषही तिच्याच माथी. ओट्यापाशी जो कधी उभा राहत नाही त्याला तिथली हवा कळत नाही, आणि घराचा नकाशा पसंत करताना निर्णय बहुधा त्याचाच असतो. हवेला वाट ठेवायची ती घर बांधताना. नंतर पुठ्ठे काढून आणि भोकं पाडून जमतं ते अर्धंमुर्धं.

मुलुंडमधल्या एका सोसायटीचा पुनर्विकास ठरतो आहे. सभांमधून चर्चा चालली होती ती कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग आणि लिफ्ट यांची. नकाशे भिंतीवर लागले तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने उठून विचारलं की स्वयंपाकघराची खिडकी कशात उघडते. ती डक्टमध्ये उघडत होती, त्याच डक्टमध्ये दोन घरांच्या संडास-बाथरूमच्या खिडक्या होत्या. वास्तुविशारदांनी सांगितलं की चिमणी ज्याची त्याने आपल्या सोयीने बसवावी. त्यावर बायकांनी वेगळी बैठक घेतली आणि लेखी मागणी दिली: प्रत्येक स्वयंपाकघराला बाहेरची भिंत हवी, आणि त्या भिंतीत चिमणीच्या पाइपासाठी सहा इंची भोक बांधतानाच ठेवलेलं हवं. दोन प्रकारच्या घरांपैकी एका प्रकारात हा बदल नकाशावर झाला आहे. दुसऱ्या प्रकारात ओटा हलवायचा तर हॉलची थोडी जागा जाते आणि काही सभासद तयार नाहीत. शिक्षिकाबाई त्यांच्या घरी एकेक करून जात आहेत. मतदान दिवाळीनंतरच्या सभेत आहे.